हंगाम परत देता येत नाही

विक्री बंद आदेश एका पानाचा असतो. वर कार्यालयाचे नाव आणि जावक क्रमांक, मध्ये दुकानदाराचे नाव, परवाना क्रमांक, वाण, लॉट नंबर आणि पोत्यांची संख्या, खाली छापील वाक्य: सदर साठ्याची विक्री अथवा विल्हेवाट करू नये. मग निरीक्षकाची सही, दोन पंचांच्या सह्या आणि 'प्रत मिळाली' असे लिहून दुकानदाराची सही. बियाणे कायदा, १९६६ च्या कलम १४ ने निरीक्षकाला हा अधिकार दिला आहे. या आदेशाची मुदत तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असेही त्याच कलमात आहे.

तीस दिवसांची मर्यादा दुकानदाराच्या संरक्षणासाठीच घातली असणार. पण सोयाबीनचे बियाणे विकले जाते तेच मुळी महिना-सव्वा महिन्यात. रोहिण्या निघाल्या की लोक भाव विचारून जातात, मृगाच्या सरी पडल्या की उधारीची बोलणी होतात आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की गावेच्या गावे एका वेळी दुकानावर येतात. जुलैचा मध्य उलटल्यावर सोयाबीन पेरायला सहसा कोणी धजत नाही. मृगात लागलेला आदेश कायद्याची मुदत तंतोतंत पाळून पुनर्वसूत उठला, तरी तोवर तालुक्याची पेरणी उरकलेली असते. नियम कुठेही मोडला जात नाही आणि दुकानदार बुडतो.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. वाटणीचे दावे, बांधाची भांडणे, भूसंपादनाचा वाढीव मावेजा हे माझे रोजचे काम. सरकारी तपासणीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागणारे पक्षकार त्यात फार थोडे. नुकसान होत नाही म्हणून ते थोडे आहेत असे मुळीच नाही. त्यातल्या एका प्रकरणाने मला या विषयात खोलवर नेले, म्हणून तेच सांगतो.

पक्षकार वयाने माझ्या वडिलांच्या जवळपासचे. मी त्यांना काका म्हणे, ते मला वकीलसाहेब म्हणत. बाजारपेठेच्या गावी त्यांचे जुने कृषी सेवा केंद्र होते आणि हिशेब त्यांची सून पाहत असे. शेजारच्या तालुक्यात एका कंपनीच्या सोयाबीनची उगवण झाली नाही अशी तक्रार आली. लॉट वेगळा होता, पण कंपनी तीच. वरून फोन आला आणि त्या कंपनीचा माल असलेल्या सगळ्या दुकानांतून नमुने घेतले गेले. काकांच्या गोदामात एकाच लॉटची साडेतीनशे पोती होती. निरीक्षकांनी नमुना काढला, त्याचे कायद्याप्रमाणे तीन भाग केले, लाखेने सील केले, एक भाग काकांना दिला आणि उरलेल्या साठ्याला विक्री बंद आदेश लावला. इथवर जे झाले त्याला मी कोर्टातही कधी नावे ठेवली नाहीत.

ठेवणारही नाही. २०२० च्या खरिपात काय झाले ते आमच्या भागातला माणूस विसरलेला नाही. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागला, बियाणे भिजले आणि पुढच्या जूनमध्ये मैलोगणती तास रिकामे राहिले. लोकांनी दुबार पेरणी केली, त्यासाठी पुन्हा कर्ज काढले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली होती. बोगस बियाणे ज्याच्या पदरात पडते त्याचे वर्ष जाते. निरीक्षकाने संशयावरून माल थांबवू नये असे म्हणणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर कधी उभा राहिलेला नसतो. माल थांबवण्याला माझी हरकत नाही. थांबवल्यानंतर पुढचे काम वेळेत करायचे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोयाबीनची उगवण तपासायला महिना लागत नाही. प्रयोगशाळेत चारशे दाणे शंभर-शंभरच्या चार भागांत ओल्या कागदात किंवा वाळूत लावतात आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी होते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. हीच तपासणी शेतकरी घरी गोणपाटात करतो. कृषी खातेच दर वर्षी तसे करायला सांगते. काकांच्या सुनेनेही केली होती. त्याच लॉटमधून आदेश येण्याआधी विकल्या गेलेल्या एका पोत्यातले शंभर दाणे शेतकऱ्याकडून मागून आणले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले आणि गुंडाळी करून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली. दाणे चांगले उगवले होते. ते तिने मोबाइलवर टिपून ठेवले. पुराव्याच्या कायद्यापुढे त्या फोटोंची किंमत फारशी नव्हती, पण ते पाहिल्यावर हा दावा लढायचा हे माझ्या मनाने घेतले.

महाराष्ट्रात शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. जूनमध्ये त्यांच्याकडे नमुन्यांचा ढीग पडतो हे खरे आहे. तरीही काकांच्या नमुन्याचा अहवाल आदेशाची मुदत निम्मी उरलेली असतानाच तयार झाला होता. उगवण ७० च्या वर, नमुना प्रमाणित. काकांच्या हातात मात्र विक्री खुली केल्याचे पत्र आले ते मुदत संपून गेल्यावर. मधल्या काळात तो कागद कुठे होता, यावर पुढे सगळा दावा उभा राहिला.

नुकसान किती, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. न्यायाधीशांनीही तोच प्रश्न विचारला होता: बियाणे म्हणून गेले नाही, तर धान्य म्हणून आडतीत का घातले नाही? काही कंपन्या बुरशीनाशकाची पुडी पोत्यात वेगळी देतात. ही पोती प्रक्रिया करूनच आली होती. मी एका पोत्यातले मूठभर दाणे पारदर्शक पिशवीत घालून कोर्टात दाखवले. दाणे गुलाबी होते आणि पिशवीच्या आतल्या बाजूला तोच रंग धुळीसारखा चिकटला होता. थायरम लावलेले सोयाबीन माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात जाता कामा नये. ते तेलाच्या घाण्यावर पाठवणे हा गुन्हा आहे आणि पापही. पुढच्या खरिपासाठी ठेवावे, तर सोयाबीनचे टरफल पातळ, दाणा नाजूक. उन्हाळा गोदामात काढल्यावर उगवण घसरते. कंपनीला परत द्यावे, तर माल परतीची तारीख आदेश लागू असतानाच निघून गेली होती, आणि आदेश असताना पोते हलवायची सोय नव्हती. शेवटी त्या मालाची विल्हेवाट खड्ड्यात लावावी लागली. काका त्या दिवशी तिथे गेले नाहीत. सूनच पंचनाम्याला उभी राहिली.

सरकारविरुद्ध नुकसानभरपाई मागणे म्हणजे नेमके काय, हे बहुतेकांना ठाऊक नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावे लागते. शासन पक्षकार असेल तर दावा तालुक्याच्या कनिष्ठ स्तर न्यायालयात चालत नाही, वरिष्ठ स्तराकडे जावे लागते. बुडालेल्या रकमेवर कोर्ट फी आधी भरावी लागते. आणि सगळ्यात घातक गोष्ट मुदतीची. कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल भरपाई मागायची तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७२ प्रमाणे एकच वर्ष मिळते. नोटिशीचा काळ त्यातून वजा होतो एवढाच दिलासा. माझ्याकडे येणारे निम्मे दुकानदार या एका वर्षानंतर येतात. तोवर ते साहेबांना भेटत असतात, 'बघू, करू' ऐकत असतात. त्यांची फाइल मला हात जोडून परत द्यावी लागते. हातात दम असलेला दावा केवळ तारखेपायी सोडून द्यावा लागतो, याचा मला दर वेळी नव्याने त्रास होतो.

काका वेळेत आले होते, तेही सुनेमुळे.

सरकारी वकिलांनी दोन मुद्दे घेतले. पहिला बियाणे कायद्याच्या कलम २२ चा: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल शासनाविरुद्ध किंवा कोणाविरुद्धही दावा चालणार नाही. दुसरा सार्वभौम अधिकाराचा आणि त्यासाठी कस्तुरीलाल खटल्याचा आधार.

कस्तुरीलाल खटला कायद्याच्या विद्यार्थ्याला माहीत असतो. इतरांनीही तो माहीत करून घ्यावा असा आहे. १९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोने-चांदी विकायला मेरठला आला. पोलिसांनी संशयावरून त्याला पकडले आणि माल जप्त करून मालखान्यात ठेवला. पुढे तो सुटला, चांदी परत मिळाली, पण सोने मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलने लंपास केले आणि तो पाकिस्तानात पळून गेला. व्यापाऱ्याने सोन्याची किंमत मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९६४ साली सांगितले की पोलिसांचा निष्काळजीपणा उघड आहे, पण अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकाराचे काम असल्याने राज्य भरपाई देण्यास बांधील नाही. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या माणसाने. त्यांना स्वतःला तो निकाल देताना समाधान नव्हते, हे निकालपत्र वाचताना जाणवत राहते. ही परिस्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने यावर कायदा करावा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. विधी आयोगाने तर १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात तसा कायदा सुचवला होता. साठच्या दशकात संसदेत विधेयके आली आणि बारगळली. तो कायदा आजही झालेला नाही, याची मला चीड येते.

माझा आधार होता नागेंद्र राव खटला. आंध्र प्रदेशातले हे खत आणि धान्याचे परवानाधारक व्यापारी. ऑगस्ट १९७५ मध्ये दक्षता पथकाच्या पोलीस निरीक्षकाने त्यांच्या दुकानावर छापा घालून माल जप्त केला. खत विकून पैसे कोषागारात भरायचे, असा आदेश असूनही ज्या कृषी अधिकाऱ्याच्या ताब्यात खत दिले होते त्याने काहीच केले नाही. राव यांनी तेव्हाच लेखी अर्ज देऊन कळवले होते की खत पडून राहिले तर खराब होईल, निकामी होईल. पुढच्या वर्षी माल सोडण्याचा आदेश झाला तेव्हा खत सडलेले आणि वजनात घटलेले निघाले. उच्च न्यायालयाने कस्तुरीलालवर बोट ठेवून त्यांचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तो निकाल उलटवला. व्यापाराचे नियमन, परवाने, साठ्यांची तपासणी ही कल्याणकारी राज्याची कामे आहेत. ती करताना निष्काळजीपणा झाला तर सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आज ज्याच्या दुकानात निरीक्षक येऊन गेला त्या प्रत्येकाला हाच निकाल उपयोगी पडतो.

त्यातले अर्ज देणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काकांच्या सुनेने तो निकाल वाचलेला नव्हता. तरी पंचनाम्यावर काकांच्या सहीच्या वर तिने दोन ओळी लिहून घेतल्या होत्या: माल बीजप्रक्रिया केलेला आहे, हंगाम संपल्यास धान्य म्हणूनही विकता येणार नाही. निरीक्षकांनी आक्षेप घेतला नाही. मग तिने पत्रे पाठवली. नमुना कधी पाठवला ते कळवा. अहवाल आला असल्यास प्रत द्या. परतीची तारीख जवळ आली आहे. प्रत्येक पत्रावर कार्यालयाचा आवक शिक्का घेऊन पोच ठेवली. चार ओळींची, नम्र भाषेतली, कुठेही धमकी नसलेली ती पत्रे होती. सद्भावनेचा बचाव मोडला तो त्या पत्रांनी. माल नासणार आहे हे ज्याला लेखी कळले आहे, त्याला 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणता येत नाही.

बियाणे कायद्याचे कलम १६ सांगते की बीज विश्लेषकाने अहवालाची एक प्रत निरीक्षकाला आणि दुसरी ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला द्यायची. काकांना दुसरी प्रत कधीच मिळाली नव्हती. मी कार्यालयाची आवक नोंदवही कोर्टात मागवली. ती आली ती लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, जूनची पाने बोटांच्या घामाने मळलेली. निरीक्षक साक्षीला उभे होते. मी पान काढून त्यांच्यापुढे धरले आणि नोंद वाचायला सांगितली. प्रयोगशाळेचे पत्र, विषय, तारीख, आवक क्रमांक. विक्री बंदची मुदत संपायला तेव्हा तेरा दिवस बाकी होते. शेरा रकान्यात एका टेबलाचे नाव होते आणि पुढे काही नाही. मी विचारले, या टेबलावरून कागद तुमच्याकडे कधी आला? त्यांनी वही जवळ ओढून पान उलटले, मागचे पाहिले, परत पुढे आले. मग शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच दिवशी पत्र काढलं, साहेब." ते खरे बोलत होते. त्यांच्या पत्राची जावक तारीख तसेच सांगत होती. तालुकाभर दुकाने, एक माणूस, एक मोटारसायकल आणि वरून रोज माहिती मागणारे फोन. मी उलटतपासणी तिथेच थांबवली.

लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध गुप्ता या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अधिकाऱ्याने छळासाठी अधिकार वापरला तर भरपाईची रक्कम त्याच्याकडून वसूल करावी. काकांचा मोठा मुलगा त्यासाठी अडून बसला होता. मी ती मागणी दाव्यात घातली नाही. इथे छळ नव्हता, एका टेबलावर पडून राहिलेला कागद होता. लाच न मिळाल्यामुळे रोखलेला माल आणि कारकुनाच्या ढिगात अडकलेला अहवाल यांत फरक आहे, आणि दुसऱ्यासाठी खात्यानेच जबाबदार असावे असे माझे ठाम मत आहे. निरीक्षकाच्या पगारातून कापून घेतले तर पुढच्या खरिपात तो बोगस मालालाही हात लावणार नाही.

दावा अंशतः मंजूर झाला. खरेदीची किंमत, भाडे, विल्हेवाटीचा खर्च आणि व्याज मिळाले. बुडालेला नफा मिळाला नाही. दुकानाच्या नावाला जो बट्टा लागला त्याचे तर काहीच नाही. 'काकांच्या दुकानाला सील लागलं होतं' एवढेच गावाला कळते. नमुना पास झाल्याची दवंडी कोणी पिटत नाही. पुढच्या दोन हंगामांची विक्री कशी उतरली हे मी जीएसटीच्या विवरणांवरून दाखवले होते. न्यायालयाला ते अनुमानाचे वाटले. मला ते आजही पटलेले नाही. अपिलात निकाल कायम राहिला. पण शासनाविरुद्धचा हुकूमनामा लगेच बजावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तीन महिने वाट पाहावी लागते. मग दरखास्त, मग निधीची तरतूद. पैसे कोर्टात जमा झाले तोवर बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज काकांनी घरातले सोने मोडून फेडले होते.

जीवनावश्यक वस्तू कायद्यात निदान एक सोय आहे. सरकारजमा केलेला माल निर्दोष ठरला आणि परत देता आला नाही, तर त्याची किंमत व्याजासह द्यायची, असे कलम ६-सी सांगते. बियाणे कायद्यातल्या विक्री बंद आदेशाला असे काहीच जोडलेले नाही. माल दुकानदाराच्याच गोदामात असतो, म्हणून कागदोपत्री तो गेलेलाच नसतो. ज्या नमुन्याचा अहवाल प्रमाणित येईल त्याचा थांबलेला साठा खात्याने त्याच हंगामात खरेदी किमतीला उचलावा, किंवा अहवाल आला त्या दिवशी आदेश आपोआप उठावा, एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ होईल. आज प्रयोगशाळेचा निकाल मोबाइलवर पाठवायला मिनिटही लागत नाही.

दर वर्षी मे महिन्यात बियाणे विक्रेत्यांच्या बैठकीला मला बोलावतात. मी मुदतीचे, नोटिशीचे, पोच घेण्याचे सांगतो. गेल्या खेपेला मागच्या रांगेतला एक तरुण दुकानदार उभा राहिला. म्हणाला, "सर, पत्रं द्यायला हरकत नाही. पण परवान्याचं नूतनीकरण त्याच ऑफिसातून येतं. साहेबांच्या मनात राहिलं तर?" बैठकीत कोणी काही बोलले नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होते. दावे इतके कमी का येतात याचे खरे कारण मला तिथे पुन्हा एकदा दिसले.

मी त्याला काकांच्या सुनेची पत्रे वाचून दाखवली. त्यांत कोणावर ठपका नाही. माल कोणता, प्रक्रिया केलेली आहे की नाही, परतीची शेवटची तारीख कोणती आणि कलम १६ प्रमाणे अहवालाची माझी प्रत मला मिळावी ही विनंती. अशा पत्राने नाराज होणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही. उलट वरिष्ठांपुढे त्यालाही ते दाखवता येते. सभा संपल्यावर त्या तरुणाने फोनमध्ये पत्रांचे फोटो घेतले आणि मृगाच्या आत कोरे नमुने टाइप करून सगळ्यांना पाठवतो, असे सांगून तो गेला.